‘मी कोण?’ विचारणाऱ्या जपानी चित्रकथा



रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र लहान आहे. त्यातील काळजी मात्र लहान नाही. त्यांचे चिरंजीव सोळा वर्षांचे. रात्री उशिरापर्यंत जागून ते जपानी चित्रकथा पाहतात. तरुण मंडळी त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. घरातल्या आजोबांच्या दृष्टीने ही लहान मुलांची ‘कार्टुने’, आणि वडिलांच्या दृष्टीने निव्वळ कालहरण. एके दिवशी जेवताना चिरंजीवांनी विचारले, “आई, माझ्या साऱ्या आठवणी काढून दुसऱ्या कोणाच्या डोक्यात घातल्या, तर मी कोण राहीन? इथला मी, की तिथला तो?” पानावर बसलेल्या कोणालाच उत्तर सुचले नाही, आणि त्यानंतर मुलाने असे काही विचारणेच सोडले. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, ‘यातले त्याने काय पाहावे, काय सध्या पाहू नये आणि आम्ही थोरांनी काय पाहावे, हे सांगाल का?’

असाच प्रश्न इतर प्रांतांतील अनेक घरांत पडत असणार. म्हणून या महिन्याचे हे पान आम्ही त्यालाच वाहिले आहे. विज्ञानकथेची आवड असलेल्या आणि विचाराला चक्रावून टाकणारी कथा आवडणाऱ्या रसिकांनाही त्यात काही हाती लागेल.

प्रथम आजोबांच्या आक्षेपाचा परामर्ष घेऊ. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा घरातील लहानथोर दूरचित्रवाणी संचासमोर जमत. ती मालिका जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली काढलेली होती. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे असल्यामुळे ती आपल्याला परकी वाटली नाही, इतकेच. युगो साको यांच्या पुढाकाराने भारतीय आणि जपानी कलावंतांनी मिळून केलेला रामायणावरील चित्रपटही १९९३ साली दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला, आणि २०२५ च्या जानेवारीत तो भारतातील चित्रगृहांत नव्याने झळकला. सारांश, हाताने काढलेले चित्र म्हणजे बालिश कथा, हे समीकरण जपानने कधीच मानले नाही, आणि नकळत का होईना, आपणही ते पूर्वीच मोडले आहे.

या परंपरेचा आरंभच मुळी एका गंभीर प्रश्नाने झाला. ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हे वैद्यकीचे पदवीधर. पण आयुष्य त्यांनी चित्रकथेला दिले. त्यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही कथा १९५२ पासून छापून येऊ लागली आणि १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागली. तीत एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात दगावतो. शोकाने वेडावलेला बाप त्याच्याच रूपाचा यंत्रबालक घडवतो. पुढे हा मुलगा उंचीने वाढत नाही, हे ध्यानात येताच तोच बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो. यंत्र कसे चालते, हा येथे मुख्य विषय नाही. पुत्र कशाने पुत्र ठरतो, रूपाने, वाढीने की पित्याच्या मायेने, हा खरा विषय आहे. नंतरच्या साठ वर्षांत जपानी विज्ञानचित्रकथेने हाच प्रश्न नाना तऱ्हांनी मांडला आहे.

हा प्रश्न ज्या गावातून आमच्याकडे आला, त्या गावाला तो नवा नाही. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त रायपुरास आला आणि सुमारे दोन वर्षे बुढापाऱ्यात राहिला. वाटेत विंध्याच्या अरण्यात कड्याच्या भेगेत लोंबणारे एक प्रचंड मधाचे पोळे पाहून तो इतका तल्लीन झाला की बैलगाडीतच त्याचे देहभान हरपले, असे चरित्रकार सांगतात. रायपुरात त्या वेळी त्याच्यायोग्य शाळा नव्हती. वडील विश्वनाथबाबूंनी घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत मुलाला बसू दिले, बोलू दिले. पुढे हाच मुलगा स्वामी विवेकानंद झाला. प्रत्येक मुलगा विवेकानंद होत नाही, हे उघडच आहे; पण चौदा-सोळा वर्षांच्या मुलाला थोरांच्या चर्चेत जागा देणे प्रत्येक बापाच्या हाती असते.

आता शिफारशींकडे वळू. क्रम आम्ही सौम्याकडून तीव्राकडे असा लावला आहे, आणि तो पाळावा अशी विनंती आहे.

पहिली कथा ‘होशी नो कोए’, म्हणजे ‘ताऱ्याचा आवाज’. माकोतो शिनकाई यांनी २००२ साली ती आपल्या घरच्या संगणकावर बहुतांशी एकट्याने तयार केली. लांबी अवघी पंचवीस मिनिटे. पंधरा वर्षांची एक मुलगी अंतराळमोहिमेवर जाते. तिचा वर्गमित्र पृथ्वीवर राहतो. दोघांत दूरध्वनीवरून लघुसंदेशांची देवघेव चालते. पण नौका जसजशी दूर जाते तसतसा निरोप पोहोचण्यास दिवस, मग महिने, मग वर्ष लागू लागते. अखेर ती व्याधाच्या ताऱ्यापाशी पोहोचते. हिवाळ्यात मृगनक्षत्राजवळ तळपणारा हा तारा आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून तेथून पाठविलेल्या निरोपाला पृथ्वीवर यायला साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले शब्द चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडतात. नोकरीपायी मुले-सुना परप्रांती वा परदेशी गेलेल्या मराठी घरांना ही व्यथा समजावून सांगावी लागणार नाही. भागवताच्या नवव्या स्कंधातील ककुद्मी राजा आपल्या रेवतीसह ब्रह्मलोकी घटकाभर थांबला आणि परतला, तो सत्तावीस चतुर्युगे लोटली होती. जपानातील उराशिमा तारो हा कोळी समुद्रतळीच्या राजवाड्यातून परतला, तो तीनशे वर्षे सरली होती. दोन्ही देशांच्या आज्या ज्या गोष्टी सांगत आल्या, त्याच शिनकाईंनी प्रकाशवेगाचा हिशेब घालून पुन्हा सांगितल्या आहेत. बारा वर्षांवरील कोणीही ही चित्रकथा पाहावी.

दुसरी ‘ईव्ह नो जिकान’, म्हणजे ‘ईव्हचा वेळ’. यासुहिरो योशिउरा यांनी २००८-०९ मध्ये ती सहा भागांत सादर केली व २०१० साली तिचा सलग चित्रपट केला. घरोघरी माणसासारखे दिसणारे यंत्रसेवक आले आहेत, आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या डोक्यावर प्रकाशाचे एक कडे तरंगत असते. यंत्राशी माणसासारखे वागणारा तरुण समाजात हास्यास्पद ठरतो. रिकुओ नावाच्या विद्यार्थ्याला आपल्या घरच्या सामी या यंत्रसेविकेच्या नोंदींत काही अनोळखी फेऱ्या आढळतात. तो माग काढतो, तेव्हा एका तळघरातील कॉफीगृहाशी येऊन पोहोचतो. तेथे एकच नियम आहे: माणूस आणि यंत्र असा भेद करावयाचा नाही. डोक्यावरची कडी तेथे मालवलेली असतात, त्यामुळे समोर बसलेला कोण आहे हे कोणालाच कळत नाही. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ (१९८६) ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल, त्यांना बुद्धिमान यंत्र निर्मात्याच्या हाताबाहेर जाण्याचे भय परिचित आहे. योशिउरांनी नेमका उलटा प्रश्न विचारला आहे: यंत्र बिघडण्याआधी, त्याच्याशी वागता वागता आपणच तर बिघडत नाही ना? हा चित्रपट पाहून झाल्यावर, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशींचे पूर्ण नाव घरातील किती जणांना ठाऊक आहे, हे एकमेकांना विचारून पाहावे. कथेचे मर्म तेथेच उलगडेल.

तिसरी ‘पप्रिका’ (२००६), दिग्दर्शक सातोशी कोन, मूळ कादंबरी यासुताका त्सुत्सुई यांची. रुग्णाच्या स्वप्नात शिरून उपचार करण्याचे एक उपकरण मानसचिकित्सकांना सापडते आणि ते चोरीला जाते. मग जागे लोक भर दिवसा दुसऱ्याच्या स्वप्नात ओढले जाऊ लागतात. बाहुल्या, बेडूक आणि शीतकपाटे यांची एक बेभान मिरवणूक प्रथम एका स्वप्नातून निघते आणि अखेर खऱ्या शहराच्या रस्त्यावर येते. योगवासिष्ठातील लवण राजाची कथा येथे स्मरते. एका जादूगाराने मोरपिसांचा कुंचला फिरविला आणि राजा सिंहासनावर बसल्या बसल्या अरण्यात गेला, एका दरिद्री कुळात त्याने लग्न केले, मुलेबाळे झाली, दुष्काळ सोसला आणि तो अग्नीत उडी घेणार एवढ्यात जागा झाला. सभेत तेवढ्यात काही क्षणच गेले होते. कथेची खरी कलाटणी मात्र पुढे आहे. राजा विंध्यारण्यात जातो, तेव्हा ती वस्ती त्याला तेथे प्रत्यक्ष आढळते, आणि एक म्हातारी आपल्या गेलेल्या जावयासाठी व लेकीसाठी रडत असते. स्वप्न जर असे ठसे मागे ठेवत असेल, तर जागेपण कशाला म्हणावे? कोन यांचा चित्रपट हेच विचारतो. २०१० साली, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कोन कर्करोगाने निवर्तले. त्यांचा पुढचा चित्रपट अपुराच राहिला. ‘पप्रिका’तील काही दृश्ये प्रौढांसाठीच आहेत, म्हणून अठरा वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये. त्यांच्यासाठी त्सुत्सुईंच्याच दुसऱ्या कादंबरीवरून मामोरु होसोदा यांनी २००६ सालीच केलेला ‘काळाला ओलांडणारी मुलगी’ हा चित्रपट आहे. काळात मागे उडी मारण्याची शक्ती मिळालेली एक शाळकरी मुलगी ती क्षुल्लक कामी उधळते आणि आपण टाळलेल्या प्रत्येक अडचणीचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, हे तिला उशिरा उमगते. तो सर्व कुटुंबाने निःशंकपणे पाहावा.

चौथा चित्रपट चिरंजीवांच्या प्रश्नाचे उगमस्थान असावा, असा आमचा तर्क आहे. ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५), दिग्दर्शक मामोरु ओशी, मूळ चित्रकथा मासामुने शिरो यांची. नायिका मोतोको ही पोलीस खात्यातील अधिकारी. तिचा सारा देह कृत्रिम आहे. मूळचा म्हणावा असा मेंदूच काय तो उरला आहे. वेताळपंचविशीतील ती प्रसिद्ध कथा आठवावी. दोन पुरुषांची धडावेगळी झालेली शिरे घाईत अदलाबदल होऊन जोडली जातात. कथासरित्सागरात ते पती व भाऊ आहेत, तर अन्य पाठांत पती व मित्र. मग त्या स्त्रीचा पती कोणता? विक्रमाने उत्तर दिले: सर्व अवयवांत शिर प्रधान, म्हणून पतीचे शिर ज्याच्या धडावर, तोच पती. ओशी विक्रमाच्या पुढे एक पाऊल टाकतात. शिरातील आठवणीच कोणी नव्याने लिहून ठेवल्या तर? या चित्रपटात कचरागाडीवरील एक साधा कामगार आपल्या बायकोमुलीविषयी जीव तोडून बोलत असतो. मुलीचे म्हणून तो एक छायाचित्रही दाखवितो. पुढे पोलीस त्याला सांगतात की त्याला बायको नाही, मुलगी नाही. तो कित्येक वर्षे एकटाच राहत आला आहे, आणि त्या छायाचित्रातही मुलगी नाही. ते दुःख मात्र त्याच्यापुरते अगदी खरे असते. हे दृश्य काही मिनिटांचेच आहे; पण १९९९ च्या ‘मॅट्रिक्स’ या अमेरिकी चित्रपटाच्या कर्त्यांना ज्या कलाकृतीने प्रेरणा दिली, तिचे सामर्थ्य अशाच दृश्यांत आहे.

भाषांतराचे काम करणाऱ्याला या चित्रपटाचे नावही थांबवून ठेवते. गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने १९४९ साली देह हे यंत्र आणि त्यात बसलेले मन हे भूत, अशी देकार्तच्या मताची थट्टा केली होती. तोच शब्दप्रयोग आर्थर कोस्लर यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथाच्या नावात घेतला, आणि तेथून तो शिरो यांच्याकडे आला. मराठीत यासाठी ‘आत्मा’ घ्यावा, तर तो अविनाशी असल्याने गोष्टच संपते. ‘भूत’ हा शब्द मात्र विलक्षण उपयोगी आहे. भूत म्हणजे पिशाच्च, भूत म्हणजे प्राणिमात्र, पंचमहाभूतांतील भूत म्हणजे मूलद्रव्य, आणि भूत म्हणजे होऊन गेलेला काळ. मोतोको आपल्या देहात जे शोधते आहे, ते या चारांपैकी कोणते, हे तिला अखेरपर्यंत ठरवता येत नाही. इंग्रजी शब्दाने जे साधत नाही, ते आपल्या भाषेच्या एका शब्दात अनायासे साठलेले आहे. या चित्रपटात हिंसा आहे, नग्नता आहे. तो प्रौढांनी पाहावा, आणि मुलाने तो आधीच पाहिला असेल तर रागावण्याऐवजी स्वतः पाहून त्याच्याशी बोलावे.

अखेरीस दोन मालिका, सावधगिरीच्या सूचनेसह. पहिली ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ (१९९८, तेरा भाग), दिग्दर्शक र्युतारो नाकामुरा. एका विद्यार्थिनीच्या आत्मघाताने ती सुरू होते, आणि मृत मुलीच्या नावाने वर्गातील मुलींना संगणकावर निरोप येऊ लागतात. प्रत्यक्ष जगातील मी आणि जालावरील मी यांत खरी कोण, हा प्रश्न या मालिकेने हाती हाती मोबाईल येण्यापूर्वीच विचारून ठेवला. दुसरी ‘नेऑन जेनेसिस इव्हान्गेलिऑन’ (१९९५–९६, सव्वीस भाग), दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. दिसायला महाकाय यंत्रांचे युद्ध. आत मात्र बापाने दूर लोटलेल्या आणि गरज पडताच बोलावून घेतलेल्या चौदा वर्षांच्या शिंजीचे एकटेपण. जवळ यावे तर काटे टोचतात, दूर राहावे तर थंडीने गारठतात, हा शोपेनहाउअरचा साळिंदरांचा दृष्टांत तिच्या एका भागाचे नावच होऊन बसला आहे. आन्नो स्वतः दीर्घ निराशेतून गेले होते, आणि शेवटचे भाग ती निराशा लपवीत नाहीत. या दोन्ही मालिका सोळा वर्षांखालील मुलांसाठी नव्हेत, आणि सोळांवरील मुलानेही त्या रात्री दार लावून एकट्याने पाहू नयेत. त्या पाहणारे मूल जेवण टाळू लागले, मित्रांना टाळू लागले किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर दोष चित्रकथेला देऊन थांबू नये. ती केवळ आरसा असू शकते. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे, तो फिरवावा.

पाहावे कसे, हेही थोडक्यात सांगतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान. येथे क्रम उलटा ठेवावा: आधी आख्यान पाहावे आणि मग दिवा लावून अर्धा तास निरूपण करावे. बोवांची जागा घरातील तरुणाला द्यावी. शक्यतो मूळ जपानी आवाजात, इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावे. आजीआजोबांना ती अक्षरे झरझर वाचवत नसतील, तर मुलाने मधूनमधून थांबवून मराठीत सांगावे. हा बोजा नाही, मान आहे. आठवणींविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वेताळाची किंवा लवण राजाची गोष्ट आजोबांनी सांगावी, आणि मुलाने तिच्यातील उणीव काढून दाखवावी. उत्तर कोणालाही सापडले नाही तरी चालेल. विक्रमालाही वेताळ पुन्हा पुन्हा आणावाच लागला होता.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात नांदत आलेल्या मराठी माणसांनी असे काम पूर्वीही केले आहे. माधवराव सप्रे हे घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे संपादक. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, आणि पुढे समर्थांचा ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. एका भाषेतील ‘मी कोण’ हा प्रश्न दुसऱ्या भाषेतील शेजाऱ्याच्या हाती द्यावा, एवढेच त्यांनी केले, आणि तेवढ्याने दोन समाज एकमेकांचे विचार जाणू लागले. आज तेच काम घरातल्या घरात, दोन पिढ्यांमध्ये करावयाचे आहे, आणि दुभाषा सोळा वर्षांचा आहे.

तेव्हा येत्या रविवारी दुपारची जेवणे आटोपली की सर्वांनी एकत्र बसून पंचवीस मिनिटांचा ‘होशी नो कोए’ पाहावा. संपल्यावर पहिला प्रश्न थोरांनी विचारावा आणि पहिले उत्तर मुलाला देऊ द्यावे.